ओव्हॅलिटी

रबाळ्याच्या कंपनीत एकतीस वर्षं
आबांनी गोल वस्तूंचा गोलपणा तपासला.
व्ही-ब्लॉकवर शाफ्ट, शाफ्टवर डायल गेजचं टोक,
हातानं सावकाश एक फेरी.
काटा हलला की माल बाजूला.
घरी तांदळाच्या भाकरीकडेही ते
जरा डोळा बारीक करूनच बघत.

आता तेच काम मी करते, घणसोलीत,
चौथ्या मजल्यावर, रात्री,
एमआयडीसीचा वास सुटला की खिडकी लावून घेऊन.
माझ्याकडे शाफ्ट नाही.
एक तारा आहे, नाव नसलेला, नऊ आकडी,
आणि त्याच्या उजेडात पडलेला खळगा,
हजारात दोन भाग, इतकाच खोल.
ग्रह समोरून गेला त्याची ही पावती.
कक्षा गोल असती
तर जायला चार तास वीस मिनिटं लागली असती.
लागले दोन तास पाच.

कोणीतरी घाईत होतं.

कक्षा जिथे आकाशाची पातळी छेदते
त्या बिंदूला नोड म्हणतात.
सिडकोनंही आमचे तुकडे पाडून त्यांना नोडच म्हटलं.
आजोबांचं मिठागर कुठल्या सेक्टरखाली गेलं
ते आबा बोटं मोजून सांगतात,
दर वेळी वेगळं.

"काय गो बाय," ते माझ्या मागे उभे,
बनियनवर, चष्मा कपाळावर,
"किती मायक्रॉनपरत पास करतंस?"
मी म्हटलं, आबा, इथे पास-नापास नाही.
शून्य म्हणजे पक्कं वर्तुळ.
एक म्हणजे सुटला, परत येत नाही.
मधलं सगळं चालतं.
हा निदान पॉइंट सहा तीन.
निदान अशासाठी, की त्याच्या कक्षेचं लांब टोक
नेमकं कुठे वळलंय ते मला इथून दिसत नाही.
याहून लांबट असेल. कमी नाही.
"मंग रिजेक्ट."
रिजेक्ट करून ठेवू कुठे?

यावर ते बराच वेळ गप्प.
चहाचं भांडं विसळलं, पालथं घातलं,
आणि मोरीतूनच म्हणाले,
"चार जबड्यांच्या चकात जॉब मुद्दाम बाजूला सरकवून
बांधलाय मी. कितीदा.
एक्सेंट्रिक बोलतान त्याला.
मधोमध असता तं पावर प्रेस
वर-खाली झाली असती का?"

माझ्या मसुद्यात 'बिघडलेली कक्षा' असं लिहिलं होतं.
त्या रात्री खोडलं.
त्या जागी काय लिहावं ते अजून सुचलेलं नाही.

बऱ्याच ग्रहांचं बिऱ्हाड असलं
तर कक्षा सहसा गोलच सापडतात,
एकमेकांना सांभाळून.
लांबट सापडतात त्या बहुधा एकट्याच्या.
कधीकाळी दुसरा कोणी असावा,
जवळून गेला असावा, ढकलून,
आणि अंधारात निघून गेला असावा.
त्याचा खळगा कुठल्याच रात्री पडत नाही.
पुरावा एवढाच, की हा असा धावतो.

हे मी आबांना सांगितलं नाही.

रविवारी त्यांनी प्लायवूडच्या तुकड्यावर
दोन खिळे ठोकले, सुतळीचा फास टाकला,
पेन्सिल ताणून फिरवली.
लंबवर्तुळ आलं, पहिल्या झटक्यात,
मला कधी आलं नव्हतं इतकं नीट.
"ह्या खिल्यावर तारा," ते म्हणाले. "आनि ह्यावर?"
काही नाही.
"काय पन नाय?"
काही नाही, आबा. नुसती जागा.

त्यांनी दुसरा खिळा उपटला नाही.
फळी दाराशेजारी लावली,
आणि आता घराची चावी
त्या रिकाम्या खिळ्याला असते.
ताऱ्याचा खिळा मोकळाच.
का, म्हणून विचारलं,
तर म्हणतात, "तो तापलेला असंल."